चारी पाय बांधलेलं कोकरू

शिरूर, सोमवार

तीर्थरूप दाजी यांच्या पायांवर शंभूचं डोकं (वाकून, पण कंबरेला झेपेल एवढंच).

आधी हिशेब, मग खुशाली. रांजणगावातलं चित्रांचं प्रदर्शन फुकट होतं. गेटवर हातभर अक्षरांत 'विनामूल्य' असं लिहिलेलं होतं. त्या विनामूल्यात माझं जे गेलं ते असं: एका बसचा डावा आरसा, आप्पांची उजव्या पायाची चप्पल, माझा आवाज, आणि तुम्ही-मी मिळून चार महिने जपलेली एक थाप. आरसा आज सकाळी बसवून घेतला. चप्पल आणली. आवाज सुंठ-गुळानं हळूहळू येतो आहे. थाप मात्र दुरुस्तीला कुठं टाकावी ते कळेना, म्हणून हे पत्र.

आता खुशाली. आक्काचे गुडघे कसे आहेत? मी पाठवलेलं तेल ती लावते, का अजून देव्हाऱ्यात ठेवून त्यालाच हात जोडते? तुमचा खोकला गेला का? उसातला बिबट्या या खेपेला तुमच्या बांधाकडं फिरकला, की पलीकडच्या वस्तीवरच खूश आहे? पाटसच्या कारखान्याचं गाळप संपून पट्टा पडायला अजून किती दिवस, म्हणजे तुटलेल्या उसाचं रान तुमच्या मेंढरांना आणखी किती दिवस मिळेल? (हा शेवटचा प्रश्न नुसता खुशालीचा नाही. त्यावर पुढं येतो.) इकडं मी, साधना, चौदा बसा आणि सव्वीस ड्रायव्हर, सगळे ठीक. आप्पा जरा जास्तच ठीक आहेत, आणि तीच अडचण आहे.

तुम्ही म्हणाल, खिशात दोन फोन बाळगणारा मेव्हणा कागद घेऊन का बसला? त्याचं कारणही आप्पाच. एक्क्याऐंशी सरली, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसऱ्याचा राहिलाय, पण कान होते तसे आहेत. मी गच्चीवर जाऊन, तोंडावर टॉवेल धरून तुम्हाला फोन लावला, तरी खालच्या ओट्यावरून आवाज येतो, "दाजी काय म्हन्त्यात? मेंढरं बरी हायत नव्हं?" कान ही आपल्या म्हस्कूआप्पांची एकुलती इस्टेट आणि ती पुरती माझ्या वाट्याला आलेली आहे. (आक्काच्या वाट्याला काही आलं नाही, हे तुमच्या संसाराला बरंच झालं.) घरात जेवताना रस्त्यावरून बस गेली तर कुठल्या बसचा क्लच सुटायला आलाय ते मी घास न थांबवता सांगतो. पण आप्पांना अक्षर येत नाही, सहीच्या जागी अंगठा. तेव्हा आमच्या घरात गुपित ठेवायला कागदासारखी दुसरी जागा नाही.

फुशारकी मारायची म्हणून नाही, पण धंद्यात मला कुणी शिकवलं नाही. चौदाव्या वर्षी ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो तेव्हा खिसा रिकामा आणि तोंड तेवढं भरलेलं होतं, आणि त्या तोंडावरच हे सगळं उभं राहिलं. डिझेल चोरणारा ड्रायव्हर असो, कचेरीतला मान वर न करणारा साहेब असो, की माहेरच्या लग्नाला नेलं नाही म्हणून फुगलेली साधना असो, माझ्यासमोर दहा मिनिटांच्या वर गप्प बसलेला माणूस अजून जन्माला यायचाय. लोक इंजिन चालू करतात, मी माणूस चालू करतो. काल मात्र नको तो माणूस चालू झाला.

थापेची एकदा उजळणी करतो, कारण पुढं तुमचं-माझं बोलणं एकाला एक जुळलं पाहिजे. शिरूरला घर बांधलं तेव्हा आप्पा कवठे येमाईहून राहायला आले ते एकटे आले नाहीत, सदतीस मेंढरं घेऊन आले. (वास्तुशांतीला पाहुण्यांपेक्षा त्यांनीच जास्त मंडप खाल्ला.) रोज हायवेच्या कडेनं चारायला नेत. दिवाळीच्या तोंडावर एक मेंढी रस्त्यावर गेली, तिच्यामागं आप्पा गेले. कंटेनरनं दोन मेंढ्या घेतल्या आणि आप्पा कडेच्या चारीत दोन तास पडून राहिले. एका बिहारी कामगारानं त्यांना उचललं. मग डोळ्याचं ऑपरेशन निघालं, आणि आप्पा दवाखान्यात होते त्या तीन दिवसांत मी उरलेली पस्तीसची पस्तीस व्यापाऱ्याला देऊन टाकली. त्यांना सांगितलं की तुमच्याकडं पाटसला उसाच्या रानात बसायला धाडलीत, पावसाळ्याला येतील. आप्पांनी मला काही विचारलं नाही, पण दर रविवारी तुम्हाला फोन लावायला लावतात आणि तुम्ही "बरी हायत" म्हणता. (दाजी, रागावू नका, पण खोटं तुम्हाला जमत नाही. 'बरी हायत'च्या आधी तुम्ही दर वेळी खोकता. तो खोकला मी वर विचारला तो हाच.)

आता प्रदर्शन. रांजणगावातल्या ज्या कंपनीला माझ्या नऊ बसा लागलेल्या आहेत तिचे मालक परदेशातले. इथं पंचवीस वर्षं झाली म्हणून त्यांनी स्वतःच्या घरातली सात चित्रं विमानानं आणली आणि नव्या गोडाऊनमध्ये मांडली. काढणारा चारशे वर्षांपूर्वीचा कुणी उस्ताद. त्याचं नाव लिहायला घेतलं तर पत्र तिथंच संपेल. माहितीच्या कागदावर त्याला 'बरोक काळातील महान चित्रकार' म्हटलंय. बरोक म्हणजे काय, असं मी ॲडमिनच्या सत्यजीतरावांना विचारलं. (वयानं माझ्या पोरासारखे आहेत, पण बिलावर त्यांची सही लागते, म्हणून राव.) ते म्हणाले, "ब्रँड आहे." थंड हवेची मशीनं होती, भिंतींना काळं कापड होतं, दर चित्राला एक गार्ड होता. माणसं तेवढी नव्हती. आठ दिवसांत दोनशे जण आले, त्यांतले निम्मे गारव्याला शिरलेले ट्रकवाले. आणि काल शेवटच्या दिवशी मोठे मालक स्वतः येणार होते. शनिवारी सत्यजीतरावांचा फोन आला, आवाजात पाणी. "शंभूशेठ, माणसं पाहिजेत."

सभेला, भूमिपूजनाला, कुणाच्या पोराच्या वाढदिवसाला माणसं भरून नेणं हा माझा जोडधंदा. हजार मागितली, मी बसांच्या फेऱ्या करकरून अठराशे दिली. मापात कमी द्यायची आपली रीत नाही, आणि तीच मला भोवली. कारण सभा असते मोकळ्या मैदानात. तिथं माणूस बसतो, वडापाव खातो, टाळी वाजवतो आणि उठतो. इथं बसायचं नाही, खायचं नाही, टाळी वाजवायची नाही. दोरीच्या आतून एकामागं एक सरकायचं. आणि आलेली सगळी सभेच्या सवयीची माणसं. आत शिरल्या शिरल्या प्रत्येकाचा एकच सवाल, "भाषण कवा हाय?" भाषण नाही म्हटल्यावर कुणालाही पुढं सरकायची घाई उरली नाही. मागून आणखी दोन बसा रिकाम्या झाल्या. पुढं चित्र, मागं कवठे येमाई, आणि मध्ये मी, आप्पांचा दंड धरून. (आप्पांना मी आणलं कशाला? साधना म्हणाली, घरात बसून मेंढरांचंच काढतात, जरा दुसरं काही दाखवा. बायकोचं ऐकावं असं म्हणणारा पुरुष मला एकदा भेटायला पाहिजे.) चप्पल तिथंच कुठंतरी गेली.

चित्रं म्हणाल तर अंधारी. पार अंधार, आणि मध्येच कुणाचा तरी एक गाल किंवा एक गुडघा उजेडात. माझ्यामागं हौसरावांच्या मातोश्री विठाबाई होत्या. (हौसराव म्हणजे आमच्या गावच्या सोसायटीचे माजी चेअरमन. पाच वर्षांपूर्वी पडले, पण चालणं अजून चेअरमनचंच आहे.) पहिल्याच चित्रापाशी म्हातारी म्हणाली, "लाइट गेल्यावर काढलंय जनू. येवढा मोठा मानूस, त्येच्या घरी येक इन्वर्टर नसावा?" पलीकडं एक बिहारी कामगार आपल्या दोस्ताला समजावत होता की आधा तो काला ही छोड़ दिया, भाई, पेंट बचाया है. क्वालिटी खात्यातले दोघं तर चित्र बघतच नव्हते, रंगाला गेलेले बारीक तडे बघत होते. त्यांतल्या एकानं मान हलवून निकाल दिला, "रिजेक्ट. रिवर्कलासुद्धा जाणार नाही." असं हसत-खिदळत आम्ही सहाव्या चित्रापर्यंत आलो, आणि तिथं आप्पा थांबले.

चित्र असं. रात्रीचा गोठा. बाई, तिच्यापुढं गवतावर नुकतं जन्मलेलं बाळ, आणि भोवती तीन धनगर. हो, धनगरच. मेंढपाळ म्हणून खाली लिहिलेलं होतं, आणि लिहिलं नसतं तरी त्यांच्या टाचा बघून मी ओळखलं असतं. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून हातात धरलेली, त्याच्यामागं एक तरणाताठा मान खाली घालून उभा, तिसरा अंधारात. आणि अगदी पुढं, आपल्या पायाशी यावं असं, एक पांढरं कोकरू. चित्र समजावून सांगायला पुण्याची पूनम नावाची मुलगी होती, आवाज खडीसाखरेसारखा. ती म्हणाली, "आजोबा, हा उजेड पाहा, तो बाळाच्या अंगातून येतो आहे. आणि हे कोकरू मेंढपाळांनी बाळासाठी भेट म्हणून आणलं आहे."

आप्पांनी बाळाकडं पाहिलंच नाही. त्यांनी चांगला डोळा बारीक केला आणि म्हणाले, "भेट न्हाई ही, बाय. चारी पाय येकात बांधल्यात बघ. भेट द्याचं कोकरू मानूस काखंत घेऊन येतंय. चारी पाय बांधल्यालं कोकरू इकल्यालं आसतं. ते माघारी येत न्हाई."

दाजी, थंड हवेची मशीनं चालू होती आणि मला घाम फुटला. मी म्हटलं, आप्पा, चला, मागं लोक खोळंबलेत. आप्पांनी दंड सोडवून घेतला आणि काठी उचलली. (गार्डनं श्वास आत ओढला तो मला ऐकू आला.) "ह्यो टोपीवाला म्हातारा बाळाकडं बघतोय का? न्हाई. कोकराकडं बघतोय. ते त्येचं हाय. आन् मागं मान खाली घातल्याला ह्यो त्येचा पोरगा. ह्यानं बांधलंय." पूनम म्हणाली, असं काही आमच्या माहितीत लिहिलेलं नाही. मग ती स्वतः वाकली, म्हाताऱ्याची नजर बोटानं हवेत ओढत खाली आणली, ती खरंच कोकरावर उतरली, आणि ती मुलगी गप्प झाली. शिकलेली माणसं गप्प झाली की बाकीच्यांना वाचा फुटते.

विठाबाईंनी सुरुवात केली, "तरीच म्हनलं, ह्या मेल्याचं तोंड आसं का." मागून कुणी म्हणालं, बापाला इचारलंसुदिक नसंल. एक बाई म्हणाली, इचारंल कशाला, बाप आजारी पडल्याला बघून साधलं आसंल. (या बाईला कुणी सांगितलं, हे मला अजून कळलेलं नाही.) आणि मग हौसराव आपल्या चेअरमनच्या आवाजात म्हणाले, "आई, आसली पोरं लई हुशार आस्त्यात. बापाला सांगत्यात, पावन्याकडं चराया धाडल्यात म्हनून!" सगळं गोडाऊन हसलं. दाजी, काल दुपारी बाराच्या सुमाराला तुम्हाला उचकी लागली असेल तर ती ही. ही बातमी मागं रांगेत गेली, मागच्यांनी चित्र न बघताच त्या पोराला शिव्या घालायला सुरुवात केली, आणि पुढं येऊन एकदा त्याचं तोंड बघून जायचं म्हणून जी रेटारेटी झाली तिला तोड नाही. आठ दिवस ज्या चित्रांपुढं काळं कुत्रं फिरकलं नव्हतं, त्यांतल्या एकापुढं माझ्याच बसांनी आणलेली अठराशे माणसं उभी राहून मलाच नालायक म्हणत होती. माझं नाव तेवढं घेत नव्हती.

आणि मी काय करावं? गप्प बसायचं. तुम्ही असता तर खोकून वेळ मारून नेली असती. मी त्या रंगवलेल्या पोराची बाजू घेतली. मी म्हटलं, अहो, त्याचीही काही अडचण असेल! विठाबाई म्हणाल्या, कसली आडचन? मी म्हटलं, म्हातारा रोज रस्त्याच्या कडेला जातो, गाड्या अंगावर येतात, एखाद्या दिवशी चारीत पडून दोन तास कुणी विचारत नाही, पोरानं धंदा बघायचा का बापाच्या मागं काठी घेऊन हिंडायचं? कुणीतरी म्हणालं, शंभूशेठ, चित्रात रस्ता कुठं हाय? मी म्हटलं, चित्राबाहेर असेल! गायरानं राहिली आहेत का कुठं? सगळीकडं प्लॉट पडलेत, तारा लागल्यात, मेंढरानं खायचं काय, सिमेंट? पोरगा वाईट नाही हो, पोराला बाप जिता पाहिजे! असं म्हणताना माझा आवाज कापला आणि तिथंच फाटला. क्षणभर बरं वाटलं. दोन-तीन माणसं माझ्या बाजूनं मान हलवायला लागली होती. तेवढ्यात विठाबाईंनी विचारलं, "मग इकून आल्यालं पैसं बापाच्या हातात दिलं का त्येनं?" आणि मी, माणसांना बोलतं करणारा, तोंडात आलं ते बोलून गेलो, "टायर घेतले असतील!"

चारशे वर्षांपूर्वीच्या गोठ्यात टायर. लोक इतके हसले की गार्डही हसला. हौसरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आरं तुझ्या डोक्यात टायरंच! एकटे आप्पा हसले नाहीत. चौदाव्या बसला दिवाळीनंतर नवे टायर आले ते त्यांनी अंगणात स्वतः हात लावून पाहिले होते, आणि चांगली गाडी झाली म्हणाले होते. माझ्याकडं न बघता, चित्राकडंच बघत ते म्हणाले, "तुला लई ठावं रं त्येचं." एवढंच.

मग त्यांनी हात पुढं केला. काठी नाही, हात. अंगठा आणि बोट असं धरलेलं, गाठ सोडवताना धरतात तसं, आणि ते कोकराच्या पायांकडं नेलं. बोट लागलंही नाही, पण कुठं तरी यंत्र बसवलेलं असणार. अख्ख्या गोडाऊनमध्ये भोंगा सुरू झाला. कामगारांना वाटलं शिफ्ट सुटली, ते दाराकडं पळाले. सभेवाल्यांना वाटलं पुढारी आला, ते दाराकडं पळाले. दारात खरंच मोठे मालक उभे होते. बाहेर ज्या बसचा आरसा गेला तो या रेट्यात गेला.

मला वाटलं, नऊ बसांचं कंत्राट संपलं. पण मोठी माणसं कशानं खूश होतील ते सांगता येत नाही. पूनमनं त्यांना त्यांच्या भाषेत सगळं सांगितलं. मालक गोरेपान, म्हातारे. त्यांनी चष्मा काढला, आप्पांपाशी आले आणि म्हणाले (पूनमच्या तोंडून) की हे चित्र माझ्या आजोबांच्या जेवणघरात होतं, लहानपणापासून बघतो, आमच्याकडं कुणी कोकराच्या पायांकडं बघितलं नाही. तुम्हाला माझ्याकडून काही हवं असेल तर सांगा. सत्यजीतराव आप्पांना खुणा करत होते, शाळा मागा, पाण्याची टाकी मागा. आप्पा म्हणाले, "माझी मेंढरं पाटसला हायत, जावयाकडं. मला येकदा बघायचीत. ह्यो नेत न्हाई." हात माझ्याकडं. मालकांनी माझ्याकडं जे बघितलं ते मी लिहीत नाही.

तर ठरलं ते असं. येत्या रविवारी कंपनीतर्फे बस (म्हणजे माझीच), आप्पा, सत्यजीतराव, पूनम आणि दोन कॅमेरेवाले न्हावरा-चौफुला मार्गे तुमच्या रानात दहा वाजेपर्यंत पोचतील. म्हातारा मेंढपाळ आपल्या कळपाला भेटतो, अशी फिल्म काढून मालकांच्या देशात दाखवायची आहे. आप्पा कालपासून घोंगडं झटकून ठेवत आहेत. मला वाटतं, त्यांना अजून काही कळलेलं नाही. टायरचं त्यांच्या कानावरून गेलं असावं. (कानावरून काही जाणारा माणूस तो नाही, हे मीच वर लिहिलंय. खोडत नाही.)

आक्काला नमस्कार. तिला एवढ्यात काही सांगू नका, ती फोनवर रडते आणि आप्पांना ऐकू जातं.

तुमचा,
शंभू

ता. क. मुद्दा राहिलाच. रविवारी पस्तीस मेंढरं वेगळी काढून उभी करावीत. तुमच्या साठ मेंढरांतली चालतील, पण आपल्या मेंढरांच्या डाव्या कानाच्या टोकाला एक काप होता, तो आप्पा हातानं चाचपतील. नवे काप घालू नका, ते ताजे दिसतात. कान झाकले जातील असा काही विचार करा.

आणखी ता. क. कानाचंही राहू द्या. मला आत्ता सुचलं, आप्पा हाळी देतील. ती एक लांब, शेवटाला वर जाणारी. आपल्या मेंढरांनी ती ऐकली की चरतं तोंड वर करून यायची. तुमची येणार नाहीत. त्यावर काही तोड असेल तर ड्रायव्हरबरोबर चिठ्ठी पाठवा.

आणखी एक, शुक्रवार. हे पत्र सोमवारी संध्याकाळच्या बसनं जायचं होतं. मी पाकिटाला डिंक शोधायला म्हणून गॅरेजला गेलो, तिथं एका बसचं गिअरबॉक्स उघडलेलं होतं, मी तासभर गुंतलो. परत आलो तर साधना ओट्यावर बसून आप्पांना पत्र वाचून दाखवत होती. पहिल्यापासून, कंसांसकट. मी अंगणात उभा राहिलो तरी ती थांबली नाही. आप्पांनी फक्त दोनदा तिला थांबवलं. एकदा त्यांना चारीतून उचलणारा बिहारी कामगार आला तिथं, त्याचं नाव मुन्ना हाय म्हणाले. दुसऱ्यांदा गोष्ट कोकराच्या पायांपर्यंत आली तेव्हा, आणि ते पान पुन्हा वाचायला लावलं. संपल्यावर उठून आत गेले.

तेव्हा दाजी, मेंढरं उभी करू नका. कॅमेरेवाल्यांना 'येऊ नका' असं मी कळवलं आहे. सत्यजीतराव कंत्राटाबद्दल बोलले नाहीत, पण राव म्हटल्यावर पूर्वी हसायचे ते हसले नाहीत. आप्पा रविवारी येणारच आहेत, कॅमेऱ्याशिवाय आणि राहायला. किती दिवस, ते त्यांनी साधनाला सांगितलेलं नाही. दोन धोतरं, घोंगडं आणि काठी बांधून ठेवली आहे. तुमच्याकडं त्यांना ओसरीत खाट टाका, पहाटे उठतात म्हणून दाराजवळ टाका. तुमच्या मेंढरांमागं त्यांना जाऊ द्या, पण हायवेच्या अंगाला नको. तिकडं कुणीतरी तुमचं माणूस चालावं. तुम्ही फोनवर 'बरी हायत' म्हणत होता त्याबद्दल ते तुम्हाला काही बोलणार नाहीत. तुमचा खोकला त्यांना पहिल्या रविवारीच कळला होता, असं साधना सांगते.

मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्यांच्यासमोर ओट्यावर बसतो. तासभर बसतो, हवा-पाण्याचं बोलतो, बसांचं बोलतो. ते चहा पितात आणि कप माझ्या हातात परत देतात. आज चौथी सकाळ. आप्पा माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत.